फार्मासिस्टची नोंदणी आणि रिन्युअल: मुलुंडच्या कौन्सिलची सेवा कशी आहे आणि गाडी कुठे अडते

महाराष्ट्रात मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून डॉक्टरची चिठ्ठी वाचायची आणि पेशंटच्या हातात औषध ठेवायचं, तर आपलं नाव महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये असावं लागतं. डिप्लोमा किंवा डिग्रीने त्या रजिस्टरपर्यंत पोचता येतं, पण हक्क मिळतो नोंदणीनेच. फार्मसी अ‍ॅक्ट, 1948 च्या कलम 42 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय: नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर औषध बनवायचं नाही, मिसळायचं नाही, द्यायचं नाही. मुख्य सूट आहे ती स्वतःच्याच पेशंटला औषध देणाऱ्या डॉक्टरला.

कौन्सिलचं कार्यालय मुंबईत मुलुंड पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गावर, ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात आहे. नवीन नोंदणी, रिन्युअल, नावात किंवा पत्त्यात बदल, वाढीव पदवीची नोंद, हरवलेल्या सर्टिफिकेटची दुसरी प्रत, दुसऱ्या राज्यात जायचं तर एनओसी, परदेशासाठी गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आणि स्वच्छ असल्याचा दाखला) ही सगळी कामं याच एका संस्थेकडे येतात. अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो.

सेवेबद्दल एका वाक्यात सांगायचं तर, कागद साफ असतील तर नवीन नोंदणी सरळ होते, रिन्युअल त्याहून सोपं आहे, पण कागदात एक जरी विसंगती असेल तर कौन्सिल ती सोडत नाही. हा कडकपणा योग्य आहे. बनावट कागदांवर फार्मासिस्टची नोंदणी दिल्याच्या प्रकरणांत पंजाबमध्ये 2023 मध्ये आणि दिल्लीत 2025 मध्ये अटका झाल्या. असं नाव रजिस्टरमध्ये शिरलं की त्याची किंमत इन्सुलिनचा डोस चुकीचा ऐकलेल्या पेशंटला मोजावी लागते. त्यामुळे प्रत्येक अर्जाला मार्कशीटची पडताळणी लागते, बोर्डाकडून (म्हणजे तंत्रशिक्षण मंडळाकडून) किंवा विद्यापीठाकडून खातरजमा होते, यावर तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रारीच्या जागा वेगळ्या आहेत, त्या पुढे येतीलच.

अर्जाआधीच अडणाऱ्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट कॉलेजची मान्यता. ही विद्यार्थ्याच्या हातात नसते, पण प्रवेश घेतानाच तपासता येते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया (पीसीआय) कॉलेजला आधी अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी देते. नोंदणीसाठी मात्र अ‍ॅक्टच्या कलम 12 खालची मान्यता लागते आणि ती नवीन कॉलेजला पहिली बॅच शेवटच्या परीक्षेपर्यंत आल्यावर, तपासणी होऊन मिळते. म्हणजे कॉलेज चालू आहे, परीक्षा झाली, निकाल लागला, तरी कलम 12 चं पत्र नसेल तर त्या बॅचची नोंदणी खोळंबते. ही मान्यता वर्षांच्या हिशोबाने असते. प्रवेशाच्या वेळी प्राचार्यांना विचारायचा प्रश्न "पीसीआय अप्रूव्हल आहे का?" एवढाच नाही, तर "कलम 12 खाली कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत?" असा आहे. मान्य संस्थांच्या याद्या पीसीआयच्या संकेतस्थळावर असतात, तिथे कॉलेजचं नाव, कोर्स आणि वर्ष तिन्ही जुळवून बघा. एकाच संस्थेचा डी. फार्म. (डिप्लोमा) मान्य आणि बी. फार्म. (डिग्री) नवीन, असंही असतं.

दुसरी गोष्ट डी. फार्म.वाल्यांसाठी: प्रॅक्टिकल ट्रेनिंग. नियम आहे 500 तास, किमान तीन महिन्यांत पसरलेले, आणि त्यातले किमान 250 तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवर औषध देण्याच्या कामात. हिशोब मांडून बघा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत साधारण 78 दिवस होतात, म्हणजे रोज साडेसहा तासांच्या आसपास. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट 60 दिवसांत पूर्ण दाखवलं, तर रोज आठ-साडेआठ तास धरून 500 तास भरतील, पण तीन महिन्यांची अट मोडते आणि अर्ज परत येतो. याच तारखांत कॉलेजची हजेरी किंवा दुसरीकडची नोकरी दिसली, तरी प्रश्न उठतो.

या सर्टिफिकेटवर कॉलेजचे प्राचार्य, विद्यार्थी आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं ते फार्मासिस्ट, असे सगळे हात लागतात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फार्मासिस्टची सही आहे पण नोंदणी क्रमांक नाही. क्रमांक आहे पण शिक्का दुकानाच्या मालकाचा आहे, आणि मालक स्वतः फार्मासिस्ट नाही. सुरू आणि संपल्याच्या तारखांत खाडाखोड करून वर सही केलेली नाही. तास आकड्यात 500 आणि अक्षरात काहीतरी भलतंच. सर्वात त्रासाचा प्रकार म्हणजे ट्रेनिंगच्या काळात त्या फार्मासिस्टचं स्वतःचंच रिन्युअल संपलेलं असतं. ट्रेनिंग सुरू करण्याच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या सर्टिफिकेटवरची वैधता बघून घ्या आणि एक झेरॉक्स मागा. संकोच वाटायचं कारण नाही, चांगले फार्मासिस्ट स्वतःहून देतात.

एका फार्मासिस्टच्या हाताखाली किती मुलं, यालाही मर्यादा आहे. 1991 च्या शिक्षण नियमांत ती अशी होती: एक फार्मासिस्ट असेल तर दोन विद्यार्थी, त्यापुढे प्रत्येक जादा फार्मासिस्टमागे आणखी एक. ज्या मेडिकलने एका वेळी आठ-दहा मुलांना "ट्रेनिंग" दिल्याची सर्टिफिकेटं वाटली, त्या मुलांचे अर्ज एकत्र पोचले की संशय येणारच. आणि खरं सांगायचं तर हे 500 तास फुकट घालवण्यासारखे नाहीतच. प्रिस्क्रिप्शन वाचायला, पर्यायी ब्रँडचा मूळ घटक आणि ताकद जुळवायला, एक्सपायरीचा माल वेगळा काढायला, फ्रिजचं तापमान लिहून ठेवायला शिकण्याची हीच जागा आहे.

तिसरी गोष्ट एक्झिट परीक्षा, म्हणजे डिप्लोमा झाल्यावर नोंदणीआधी द्यायची परीक्षा. डी. फार्म.साठीचे एक्झिट परीक्षेचे नियम फेब्रुवारी 2022 मध्ये राजपत्रात आले आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. तीन पेपर, बहुपर्यायी प्रश्न, इंग्रजीत. प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे 50 टक्के लागतात आणि तिन्ही पेपर एकाच प्रयत्नात सुटावे लागतात. प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही. मुलं फार्माकॉलॉजीवर सगळा जोर लावतात आणि कायदा व ड्रग स्टोअर मॅनेजमेंटच्या तिसऱ्या पेपरला सोपं समजतात. एका पेपरने गेलं तर तिन्ही पुन्हा द्यायचे, हे लक्षात ठेवून तिसऱ्या पेपरचाही नीट अभ्यास करा. शेड्यूल एच, एच 1 आणि एक्स (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या याद्या) यांतला फरक, फॉर्म 20 आणि 21 (किरकोळ औषधविक्रीची लायसन्सं), कोणतं रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं, हे सगळं त्यात येतं आणि पुढे काउंटरवर रोज लागतं. बी. फार्म. आणि फार्म. डी. झालेल्यांना ही परीक्षा नाही. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला ती कशी लागू होते, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना वाचून मगच अर्ज भरा.

नाव एकसारखं करा, मग बाकीचं

नावातला फरक हे अर्ज अडण्याचं सर्वात सामान्य कारण, आणि सर्वात टाळता येण्याजोगंही. महाराष्ट्रात दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं: जाधव प्रियांका सुनील. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. तंत्रशिक्षण मंडळाच्या मार्कशीटवरही तीच पद्धत. आधारवर मात्र प्रियांका सुनील जाधव. क्रमाच्या फरकाने सहसा बिघडत नाही, बिघडतं ते अक्षरांनी. दहावीला इंग्रजी स्पेलिंगमध्ये "प्रियांका" वाय घालून आणि आधारवर आय घालून. वडिलांचं नाव एका कागदावर सुनील, दुसऱ्यावर सुनीलकुमार. आडनावाच्या शेवटचा एच कुठे आहे, कुठे नाही. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा. माणसाच्या डोळ्याला हे एकच नाव दिसतं, पण रजिस्टरला नाही.

यावर उपाय क्रमाने करायचा. आधार दुरुस्त करणं सोपं, दहावीचं सर्टिफिकेट दुरुस्त करणं अवघड. म्हणून दहावीच्या मार्कशीटला प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. डिप्लोमाच्या मार्कशीटवर चूक असेल तर कॉलेजमार्फत बोर्डाकडे दुरुस्ती मागा आणि निकाल हातात पडल्याच्या आठवड्यातच मागा, कारण वर्षभराने कॉलेजचा क्लार्क बदललेला असतो आणि फाईल कपाटात गेलेली असते. स्पेलिंगचा फरक एवढासाच असेल तर "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र चालून जाऊ शकतं. पूर्ण नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली नोंद लागते.

लग्न झालेल्या मुलींसाठी आमचा स्पष्ट सल्ला: पहिली नोंदणी मार्कशीटवरच्या नावानेच करा. सासरचं नाव लावायचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्र हाती आल्यावर नावबदलाचा वेगळा अर्ज करा. दोन्ही एका अर्जात घालायला गेलं की एक कमतरता दुसऱ्या कामाला अडवते. आणि लग्नानंतरही माहेरचंच नाव व्यवसायात ठेवायला काहीही अडचण नाही. आधारवरही तेच राहू द्या म्हणजे झालं.

अर्ज

साधारणपणे लागणारे कागद: दहावी आणि बारावीची मार्कशीटं, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मतारखेचा पुरावा, डिप्लोमा किंवा डिग्रीच्या सगळ्या वर्षांची मार्कशीटं, उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, डी. फार्म.साठी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आधार, महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा, फोटो आणि सही. "सगळ्या वर्षांची" हा शब्द शब्दशः घ्या. एटीकेटी लागून दुसऱ्या प्रयत्नात विषय सुटला असेल तर नापासाचं मार्कशीटही जोडायचं. ते लपवल्याने काही साधत नाही, बोर्डाच्या पडताळणीत ते दिसतंच.

रहिवासाची अट कायद्यातूनच येते: वय 18 पूर्ण आणि त्या राज्यात राहणारा किंवा फार्मसीचा व्यवसाय करणारा. कोल्हापूर, सांगली, चंदगडकडची बरीच मुलं बेळगावला किंवा कर्नाटकात आणखी आत शिकायला जातात. त्यांचं कॉलेज मान्यताप्राप्त असेल तर महाराष्ट्रात राहतो म्हणून इथे नोंदणी होऊ शकते, फक्त पडताळणी बाहेरच्या बोर्डाकडे जाते, तेवढा वेळ धरून चाला. नोकरीचा कॉल आल्यावर अर्ज करायचा, असं यांनी तरी करू नये.

स्कॅनिंगकडे सगळे दुर्लक्ष करतात. मूळ कागदाचा रंगीत स्कॅन घ्या, झेरॉक्सचा नको. मोबाइलने काढायचाच तर दिवसा खिडकीजवळ, सावली न पाडता, चारही कोपरे दिसतील असा, आणि फाईलचा आकार पोर्टलच्या मर्यादेत बसवताना सीट नंबर व शिक्का वाचता येतोय ना, ते मोठं करून बघा. आकार कमी करणारी ॲपं सगळ्यात आधी शिक्क्यावरची अक्षरं पुसट करतात. मार्कशीटला पाठ असेल तर पाठही स्कॅन करा. लॅमिनेशन केलेल्या मार्कशीटवर फ्लॅश चमकतो आणि नेमका मार्कांचा रकाना पांढरा होतो.

मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. हे इतकं आग्रहाने सांगायचं कारण म्हणजे सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर घालतो, मग त्रुटीचा संदेश त्याच्याकडे जातो आणि अर्जदार वाट बघत बसतो. पुढे रिन्युअलच्या वेळी लॉगिनसाठी ओटीपी त्याच नंबरवर जातो. पैसे भरताना बँकेतून रक्कम गेली पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, पुढच्या एक-दोन दिवसांत स्थिती बघा, मग कौन्सिलला तो क्रमांक देऊन लिहा. शुल्क बदलत असतं, त्यामुळे भरण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसणारीच रक्कम खरी.

आणि एजंट? गरज नाही. एजंट तोच अर्ज, त्याच पोर्टलवर, तुमच्याच कागदांनी भरतो. कागदातली विसंगती तो दूर करू शकत नाही, आणि "वरून करून देतो" असं म्हणत असेल तर तिथूनच उठा. खोट्या माहितीवर झालेली नोंदणी कलम 36 खाली रद्द होऊ शकते, आणि तेव्हा एजंट तुमच्या शेजारी उभा नसतो.

सर्टिफिकेट आलं, आता दुकान

ड्रग्ज रूल्स, 1945 च्या नियम 65 प्रमाणे प्रिस्क्रिप्शनवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं असतं. दुकानाच्या फॉर्म 20 आणि 21 च्या लायसन्सवर पात्र व्यक्ती म्हणून नाव येतं ते तुमचं. नोकरी बदलली तर ही नोंदही बदलावी लागते, आणि लायसन्सधारकाने असा बदल एक महिन्याच्या आत लायसन्सिंग अधिकाऱ्याला कळवायचा असतो. इथे बरेच जण फसतात. जुन्या दुकानाचा राजीनामा तोंडी देतात, नाव तिथेच लटकलेलं राहतं, आणि नवीन दुकान एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) अर्ज करतं तेव्हा कळतं की हा नोंदणी क्रमांक आधीच एका लायसन्सला जोडलेला आहे. राजीनामा लेखी द्या, मालकाची पोच तारखेसह घ्या, एक प्रत एफडीएच्या जिल्हा कार्यालयात स्वतः देऊन शिक्का मारून आणा. मालकाने कळवलं की नाही, यावर विसंबू नका. जुन्या दुकानात पुढे एच 1 च्या रजिस्टरमध्ये गडबड सापडली तर लायसन्सवर नाव कोणाचं, हे आधी बघितलं जातं.

सर्टिफिकेट भाड्याने देणं हा या व्यवसायातला सगळ्यात जुना आजार. घरी बसून महिन्याला ठरावीक रक्कम आणि दुकानात दुसराच माणूस. ज्यांना हे सोपं उत्पन्न वाटतं त्यांनी एकदा लायसन्सवरच्या आपल्या नावाकडे नीट बघावं. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय गेल्या, मुदत संपलेलं इंजेक्शन गेलं, शेड्यूल एक्सचा साठा जुळला नाही, तर जबाबदारी सहीची असते. सकाळी आठ ते रात्री अकरा उघडं राहणारं मेडिकल एका फार्मासिस्टवर प्रामाणिकपणे चालूच शकत नाही. दोन माणसं लागतात, आणि मालकांनी दुसऱ्या फार्मासिस्टचा पगार दुकानाच्या खर्चात आधीपासून धरायला हवा.

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी फार्मासिस्टला पांढरा कोट आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला सांगितलाय. तो बिल्ला लावा. गिऱ्हाइकाला समोरचा माणूस कोण आहे, हे विचारावं लागू नये.

रिन्युअल

नियम पाळायला सोपा, पण हिशोब फारसा कोणी समजावून सांगत नाही. अ‍ॅक्टच्या कलम 34 प्रमाणे ज्या वर्षी नाव प्रथम नोंदलं गेलं, त्याच्या पुढच्या वर्षाच्या 31 डिसेंबरनंतर नाव रजिस्टरमध्ये राहायचं असेल तर रिन्युअल फी लागते, आणि ती ज्या वर्षाची आहे त्या वर्षाच्या 1 एप्रिलपूर्वी भरायची. उदाहरण घ्या. नाव फेब्रुवारी 2025 मध्ये नोंदलं गेलं काय किंवा नोव्हेंबर 2025 मध्ये, दोघांचीही पहिली मुदत 31 डिसेंबर 2026. म्हणून जानेवारीत नोंदणी झालेल्याला जवळजवळ दोन वर्षं मिळतात आणि डिसेंबरवाल्याला वर्षाहून थोडी जास्त. आपल्या सर्टिफिकेटवर आणि पोर्टलवरच्या खात्यात जी तारीख छापली आहे ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दोनदा टाका, एकदा तीन महिने आधी आणि एकदा एक महिना आधी.

फी वेळेत नाही भरली तर रजिस्ट्रारने नाव रजिस्टरमधून काढायचं, असं कायदाच म्हणतो. काढलेलं नाव पुन्हा घालता येतं, त्यासाठी ठरलेल्या अटी पूर्ण कराव्या लागतात. मधल्या काळाचं काय, हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच खरा आहे. नाव रजिस्टरमध्ये नसताना काउंटरवर चिठ्ठी हातात घेतली, तर ते नोंदणी नसलेल्या माणसाचंच काम झालं. दुकानाचं लायसन्सही त्याच दोरीला बांधलेलं असतं. ड्रग इन्स्पेक्टर तपासणीला येतो तेव्हा दुकानाच्या लायसन्सबरोबर फार्मासिस्टचं चालू रिन्युअलही मागतो.

पूर्वी पाच वर्षांनी दुकानाचं लायसन्स नव्याने करावं लागायचं. 2017 च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरून ते चालू राहतं. त्यामुळे मालकांचा समज होतो की आता सगळंच कायम. लायसन्स चालू आहे आणि त्यावरच्या फार्मासिस्टचं नाव रजिस्टरमधून गेलेलं, अशी दुकानं यातूनच तयार होतात. दुकानाच्या आणि स्वतःच्या, दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.

पत्ता बदलला की तोही कळवा. कारण फक्त टपालाचं नाही. कौन्सिलमधले सहा सदस्य नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडून द्यायचे असतात. नाव रजिस्टरमध्ये नसेल तर ज्या संस्थेच्या कारभाराबद्दल आपण बोलतो, तिला निवडण्यात आपला हात नाही. सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते.

रिफ्रेशर कोर्स

2015 च्या रेग्युलेशन्सनी रिन्युअलसाठी पाच वर्षांत किमान दोन, प्रत्येकी किमान एका दिवसाचे रिफ्रेशर कोर्स सांगितले आहेत. हजेरीचं सर्टिफिकेट जपून ठेवायचं आणि मिळाल्याबरोबर स्कॅन करायचं. शेवटच्या वर्षी दोन्ही उरकायला गेलं की जागा मिळत नाहीत किंवा तारखा जुळत नाहीत. पहिला दुसऱ्या वर्षी आणि दुसरा चौथ्या वर्षी केला की घाई होत नाही. कोर्स घेणारी संस्था मान्य आहे का आणि सर्टिफिकेटवर आपला नोंदणी क्रमांक बरोबर छापला आहे का, हे हॉलमधून निघण्याआधी बघा.

व्यवस्थेवरची आमची सर्वात मोठी हरकत इथे आहे. पाच वर्षांत दोन दिवस हे फारच कमी आहे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच 1 लागू झालं: 46 औषधं, त्यांच्या विक्रीचं वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि दिलेली मात्रा, आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. मार्च 2018 च्या अधिसूचनेने टीबीची औषधं देणाऱ्या फार्मसीवर पेशंटची माहिती कळवण्याची जबाबदारी आली. असे बदल रोजच्या कामात उतरवायला सराव लागतो. दिवसभर चार भाषणं, जेवण आणि सर्टिफिकेट, एवढ्याने तो होत नाही.

चांगला रिफ्रेशर कसा असतो तेही सांगतो. पेशंटसमोर इनहेलर वापरून दाखवायला लावतात: आधी पूर्ण श्वास सोडणं, दाबताना हळू ओढणं, दहा सेकंद रोखून धरणं, स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरणं. एच 1 च्या रजिस्टरचं एक पान प्रत्येकाकडून भरून घेतात आणि चुका दाखवतात. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद कशी करायची, हे फॉर्म हातात देऊन शिकवतात; त्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-3024 आहे आणि ती फार्मासिस्टलाही खुली आहे. कौन्सिलने प्रत्येक रिफ्रेशरला एवढं सक्तीचं करावं आणि शेवटी वीस प्रश्नांची छोटी परीक्षा ठेवावी.

राज्य बदलायचं असेल

एका राज्यात नोंदणी असलेल्या फार्मासिस्टला दुसऱ्या राज्याच्या रजिस्टरमध्ये नाव घालण्याचा हक्क कायद्यात आहे, फक्त तिथे राहायला किंवा व्यवसाय करायला हवं. सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याकडची मुलं गोव्यात नोकरी करतात. तिथे गोवा राज्य फार्मसी कौन्सिल वेगळी आहे आणि काम गोव्यात असेल तर नोंदणी तिथली लागते. सीमेपलीकडे रोज जाऊन-येऊन काम करणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या सर्टिफिकेटवर निभावून न्यायचा प्रयत्न करू नये. क्रम असा ठेवा: इथलं रिन्युअल चालू आहे ना ते बघा, इथल्या दुकानाच्या लायसन्सवरून नाव काढून घ्या, एनओसीचा अर्ज करा, आणि तिकडची नोंदणी हातात आल्यावरच तिकडच्या काउंटरवर उभे राहा. थकलेलं रिन्युअल असताना एनओसी मागितली तर आधी ते पूर्ण करायला सांगतात, आणि एवढ्याशा गोष्टीत नोकरीची रुजू व्हायची तारीख निघून जाते.

परदेशासाठी गुड स्टँडिंग सर्टिफिकेट लागतं. आखाती देशांत पडताळणी मूळ संस्थेकडून थेट होते, म्हणून कौन्सिलच्या नोंदीतलं नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळलं पाहिजे. हे सर्टिफिकेट फार आधी काढून ठेवू नका, बहुतेक ठिकाणी ते ताजंच मागतात. अमेरिकेचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असावी: 2003 पासून तिथे परदेशी पदवीधरांसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसीचा अभ्यासक्रम मागितला जातो, म्हणून चार वर्षांची बी. फार्म. पुरत नाही, सहा वर्षांची फार्म. डी. चालते. बारावीनंतर कोर्स निवडतानाच हे कळलं तर पुढची वर्षं वाचतात.

अर्ज अडला तर

आधी पोर्टलवर त्रुटी काय लिहिली आहे, ती शब्दन् शब्द वाचा आणि फक्त तेवढीच दुरुस्त करून पाठवा. सगळे कागद पुन्हा चढवले की तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मूळ कागद दाखवायला बोलावलं तर सगळे मूळ, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, ऑनलाइन भरलेल्या अर्जाची प्रत आणि पैसे भरल्याची पावती घेऊन जा. गडचिरोली किंवा नंदुरबारहून मुलुंडला येणं म्हणजे दोन दिवस आणि भाडं, आणि एक विसरलेला कागद ते सगळं वाया घालवतो. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या मुलांसाठी मूळ कागदांची तपासणी विभागीय पातळीवर, ठरलेल्या दिवशी शासकीय फार्मसी कॉलेजांमध्ये व्हायला हवी, अशी मागणी फार्मासिस्टांनी लावून धरली पाहिजे.

रजिस्ट्रारने अर्ज फेटाळला तर तीन महिन्यांच्या आत राज्य कौन्सिलकडे अपील करता येतं आणि त्यावरचा निर्णय अंतिम असतो. त्यासाठी फेटाळल्याचं कारण लेखी हातात हवं. "फोनवर सांगितलं" याला किंमत नाही. अर्ज फेटाळलाही नाही आणि पुढेही सरकत नाही, अशा वेळी दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करा. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असं विचारा: अर्ज क्रमांक अमुक, पडताळणीचं पत्र बोर्डाला कोणत्या तारखेला गेलं, जावक क्रमांक काय, उत्तर आलं का, आलं असल्यास त्याची प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा त्यातून कळतं की कौन्सिलचं पत्र गेलंय आणि बोर्डाच्या टेबलावर पडून आहे. मग तोच जावक क्रमांक घेऊन बोर्डाकडे जायचं आणि तिथल्या पडताळणी विभागात आवक नोंद शोधायला सांगायची.